व्यायामाच्या तासाला चहाच जास्त होतोय (ॲबोरिजिनल ज्येष्ठांचा गट)

निलगिरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आलीच.

मी फिजिओ. सिडनीत पाच वर्षं काढून गेल्या मार्चपासून न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडच्या एका गावात आले आहे. गावाचं नाव देत नाही, कारण ते एवढं लहान आहे की नाव सांगितलं तर माझं आडनाव आपोआप कळेल. इथे दर मंगळवारी ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी) ज्येष्ठांचा व्यायामगट भरतो, लँड कौन्सिलच्या (त्यांच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) हॉलमध्ये. बारा-चौदा जण येतात, बायका जास्त. वयं पन्नाशीपासून ऐंशीपर्यंत. हेतू साधा: तोल जाऊन पडू नये. हात न टेकता खुर्चीतून उठबस, टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालणं, पायरीवर चढउतार, घोट्याला वजन बांधून गुडघा वर घेणं, असं सगळं.

अडचण अशी की दीड तासातला व्यायाम कसाबसा पंचवीस मिनिटं होतो. बाकी चहा, बिस्किटं आणि गप्पा. या गप्पांना इथे 'यार्निंग' म्हणतात. कुणाचा नातू फूटीच्या (इथल्या फुटबॉलच्या) टीममध्ये घेतला, कुणाची बहीण सिडनीत ॲडमिट आहे, नदीला पाणी कधी येणार. परवा मी दोनदा घड्याळाकडे बघितलं, तर एक ऑंटी म्हणाल्या, "बस गं जरा, ते घड्याळ भिंतीवरच राहणार आहे."

वरून कार्यालयाचा तक्ता आहेच. माणशी किती मिनिटं व्यायाम झाला ते दर महिन्याला भरून द्यायचं. माझे आकडे बघून निरोप आला, "हा गट आरोग्याचा आहे की गप्पांचा, ते एकदा ठरवा."

तर मलाही तेच विचारायचंय. असे गट कुणी चालवलेत का? जवळून पाहिलेत का? गप्पा आवराव्यात की तक्ता?

पारावरचा_बाप्या

तक्ता. पुढचा प्रश्न?

शेवंता६१

निलगिरी, अगं आमच्या कोथरूडच्या ज्येष्ठ नागरिक संघात सकाळी सहाला पंधरा मिनिटं हातवारे आणि मग सात वाजेपर्यंत सुनांचं पारायण. दहा वर्षं चाललंय. त्यातल्या तीन जणी नवरा गेल्यावर घराबाहेर पडल्या त्या फक्त या गटामुळे. गुडघे कुणाचे सुधारले ते देव जाणे.

हास्यक्लब पण तसाच की. डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला मुंबईत पाच माणसं घेऊन सुरू केला म्हणतात. व्यायाम म्हणून हसायचं आणि हसायला म्हणून जमायचं, त्यात काय पहिलं ते कुणी विचारत बसलं नाही.

रोखठोक

मी वेगळं बोलणार, तयारी ठेवा.

पहिला मुद्दा: सगळ्या म्हाताऱ्यांना तोल जायचा धोका असतो. मग यांच्यासाठी वेगळा गट कशाला? गावात जिम असेल, कम्युनिटी सेंटर असेल, तिथे सगळ्यांबरोबर जावं. दुसरा मुद्दा: पन्नाशीपासून 'ज्येष्ठ'? मी बावन्नचा आहे, मला कुणी ज्येष्ठ म्हटलं तर मी बोलणं बंद करेन. तिसरा: कर भरणाऱ्याच्या पैशातून फिजिओचा पगार जातो, त्याने चहा ओतत बसावं का?

निलगिरी

रोखठोक, चहा मी ओतत नाही. मला ओतू देत नाहीत. किटलीवर एका अंकलची मालकी आहे.

आकडेमोड

वयाचं आधी सांगतो, कारण त्यात मत वगैरे काही नाही. ऑस्ट्रेलियात वृद्धांसाठीच्या सरकारी सेवा साधारण ६५ पासून मिळतात. ॲबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट आयलंडर (उत्तरेकडच्या बेटांवरचे मूळ रहिवासी) लोकांसाठी ५० पासून. कारण आयुर्मानात आहे. २०२०-२२ च्या आकड्यांप्रमाणे या समाजात जन्मणाऱ्या मुलाचं अपेक्षित आयुष्य ७१.९ वर्षं, मुलीचं ७५.६. बाकीच्यांपेक्षा अनुक्रमे ८.८ आणि ८.१ वर्षांनी कमी. मधुमेह, हृदयरोग, किडनी, सगळं लवकर गाठतं. स्मृतिभ्रंशाचंही तसंच. न्यू साउथ वेल्समधल्या कूरी (तिथले ॲबोरिजिनल) लोकांच्या अभ्यासात त्याचं प्रमाण देशाच्या सर्वसाधारण प्रमाणाच्या तिप्पट निघालं होतं. बावन्नाव्या वर्षी तुम्ही तरुण आहात ते तुमचं नशीब समजा.

आता निलगिरींच्या बाजूचं आणि विरुद्धचंही. २०१९ च्या कॉक्रन आढाव्यात (कॉक्रन म्हणजे वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी संस्था) १०८ चाचण्या एकत्र केल्या होत्या. व्यायामाने घरी राहणाऱ्या ज्येष्ठांचं पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं, असा निष्कर्ष होता. म्हणजे व्यायाम लागू पडतो, यात शंका नको. पण त्याच संशोधकांच्या २०१७ च्या विश्लेषणात सगळ्यात जास्त फायदा कुठे दिसला? जिथे तोलाला खरोखर आव्हान होतं आणि आठवड्याला तीन तासांहून जास्त व्यायाम होता तिथे. तिथे घट ३९ टक्के. तुमची पंचवीस मिनिटं त्या मानाने चटणीएवढी आहेत. कार्यालयाचा निरोप उद्धट असेल, पण त्यामागचा प्रश्न खोटा नाही.

निलगिरी

हे झोंबलं, पण खरं आहे. घरी करायला दिलेले व्यायाम कोण करतं विचारलं की सगळे छताकडे बघतात.

पारावरचा_बाप्या

छताकडे बघणे हा मानेचा व्यायाम. तक्त्यात भरा.

ब्लॅकटाऊनकर

रोखठोक यांच्या पहिल्या मुद्द्यावर. 'सगळ्यांबरोबर जावं' हे म्हणायला सोपं आहे. मी सिडनीच्या पश्चिमेला ब्लॅकटाऊनला बारा वर्षं राहतो. इथली अर्धी मराठी मंडळी याच पट्ट्यात घर घेतात, गणपती इथेच बसतो. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या ॲबोरिजिनल वस्त्यांपैकी एकही इथेच आहे. पण 'ब्लॅकटाऊन' हे नाव कुठून आलं हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं. मला वाटायचं, असेल कुणी ब्लॅक नावाचा साहेब.

गव्हर्नर मॅक्वारीने १८१४ मध्ये पॅरामाटाला 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन' काढली. ॲबोरिजिनल मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवून 'सुधारायचं', अशी ती शाळा. १८२३ मध्ये ती इकडे, रिचमंड रोडला आणली, आणि त्या वस्तीवरून नाव पडलं. त्या शाळेत मारिया नावाची डारुग (इथल्या मूळ लोकांपैकी) मुलगी होती. १८१९ च्या परीक्षेत तिने गोऱ्या मुलांना मागे टाकून पहिला नंबर काढला. तरी शाळेचा हेतू होता तोच राहिला. ती जागा २०१८ मध्ये डारुग लोकांना परत मिळाली.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल. पण मुलं उचलून नेणं १९७० च्या आसपासपर्यंत चालू होतं. १९९७ च्या 'ब्रिंगिंग देम होम' अहवालाचा अंदाज, १९१० ते १९७० या काळात दहातलं किमान एक, कदाचित तिनातलं एक मूल नेलं गेलं. पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली १३ फेब्रुवारी २००८ ला. आता हिशोब करा. १९६० मध्ये नेलेलं पाच वर्षांचं मूल आज सत्तरीचं आहे. निलगिरींच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसलेलं असू शकतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, हातात फॉर्म घेतलेली, प्रश्न विचारणारी बाई दिसली की त्यांच्या पोटात काय होत असेल? फॉर्म घेऊन येणाऱ्या सरकारी माणसांनीच तर घरं रिकामी केली होती.

निलगिरी

ब्लॅकटाऊनकर, हे वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून होते. पहिल्या मंगळवारी मी गळ्यात ओळखपत्र, हातात क्लिपबोर्ड आणि "मागच्या बारा महिन्यांत किती वेळा पडलात?" असाच प्रवेश केला होता. एकही जण पडलेला नव्हता. सगळे ठणठणीत! तीन महिन्यांनी चहा पिता पिता कळलं की चौदातले सहा जण पडले होते. एक ऑंटी तर मागच्या अंगणात दोन तास पडून होत्या, कुत्रा शेजारी बसलेला.

उंदीरमामा

धागाकर्तीने स्वतःच उत्तर दिलंय असं नाही वाटत का कुणाला? माहिती चहातून आली.

रोखठोक

मान्य, फॉर्मचा मुद्दा मला सुचला नव्हता. पण मग शंका राहतेच. भीती हॉस्पिटलची असेल तर हॉस्पिटल बदला. वेगळे गट करत राहिलो तर ते कायमचे वेगळेच राहतील.

पाणकोंबडी

रोखठोक, 'सगळ्यांबरोबर' ची एक गोष्ट सांगते.

मी नर्स. मोरीत तीन वर्षं होते.

पारावरचा_बाप्या

तीन वर्षं मोरीत? आमच्याकडे मोरीत कुणी तीन मिनिटं जास्त राहिलं की बाहेरून कडी वाजवतात.

पाणकोंबडी

बाप्या, गप. मोरी हे गाव आहे, न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला, कामिलरोई लोकांच्या मुलखात. जमिनीतून येणाऱ्या गरम पाण्याच्या तलावांसाठी प्रसिद्ध. सांधेदुखीवाले कुठून कुठून येतात. आमच्या गटातल्या ज्येष्ठांना मी हौसेने म्हटलं, चला, पाण्यात व्यायाम करू, गुडघ्यांवर भार येत नाही. गटातल्या निम्म्या जणी हो म्हणाल्या. एक ऑंटी दर वेळी यायच्या आणि काठावर बाकावर बसायच्या. पाय सुद्धा बुडवायच्या नाहीत. मला वाटलं, पाण्याची भीती. मी आपली त्यांना पोहण्याचे फायदे सांगतेय!

मग कुणीतरी मला बाजूला घेऊन सांगितलं. १९६५ पर्यंत मोरीच्या तलावात ॲबोरिजिनल लोकांना बंदी होती, नगरपालिकेचा ठरावच होता. मुलांना शाळेच्या वेळेत शाळेबरोबर जाता यायचं, शाळा सुटली की बाहेर. त्या वर्षी फेब्रुवारीत चार्ल्स पर्किन्स आणि सिडनी विद्यापीठाचे तीसेक विद्यार्थी बस घेऊन गावोगाव निघाले, त्याला 'फ्रीडम राइड' म्हणतात. मोरीला त्यांनी मुलांना घेऊन तलावाच्या दारात ठाण मांडलं. गर्दी जमली, अंडी-टोमॅटो फेकले गेले. त्यातूनच पुढे बंदी उठली. या ऑंटी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या असणार.

मी नंतर कधी "उतरा" म्हटलं नाही. काठावर बसून पाय वरखाली करायचे व्यायाम त्यांना दाखवले, ते त्या करायच्या आणि पाण्यातल्यांना नावं ठेवायच्या. वर्षभर एकही आठवडा चुकवला नाही. बाकीच्यांच्या हजेरीपेक्षा त्यांची जास्त होती.

शेवंता६१

पाणकोंबडी, फार छान लिहिलंस. आपल्याकडे महाडचं चवदार तळं आठवलं, १९२७.

रोखठोक

तळ्याचं नाव काढल्यावर मी काय बोलणार. वेगळ्या गटाबद्दलचा मुद्दा मागे घेतो. चहाचा मागे घेतलेला नाही.

गडचिरोलीकर

सत्याग्रहाची तुलना रास्त आहे. दुसरी एक आमच्या जिल्ह्यातली. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी त्यांच्या 'सर्च' या संस्थेचं रुग्णालय बांधण्याआधी गोंड लोकांना विचारलं की तुम्हाला दवाखाना कसा हवा. लोकांचं म्हणणं होतं, मोठ्या इमारतीत आणि पांढऱ्या कपड्यांत भीती वाटते, नातेवाइकांना बाहेर काढतात. म्हणून झोपड्यांसारख्या खोल्या, सोबतच्यांना राहायला जागा, आणि नाव दंतेश्वरी देवीचं.

फक्त एक विनंती. ऑस्ट्रेलियातल्या लोकांना 'तिकडचे आदिवासी' म्हणून मोकळं होऊ नये. इतिहास वेगळा, कायदा वेगळा.

ब्लॅकटाऊनकर

+१. आणि 'अबोरिजिन' हा शब्दही टाळा, तो तिथे जुनाट आणि टोचणारा वाटतो. 'ॲबोरिजिनल लोक' म्हणावं. त्याहून बरं म्हणजे कुठले ते विचारावं: विराजुरी, डारुग, नूंगार. आपल्याला कुणी नुसतं 'इंडियन' म्हटलं की आपण लगेच 'मराठी' म्हणून दुरुस्त करतोच की.

उंदीरमामा

अवांतर: ते 'ऑंटी' प्रकरण काय आहे? आमच्या सोसायटीत कुणाला ऑंटी म्हटलं तर पाणी बंद होतं.

निलगिरी

हा हा. इथे उलटं. ऑंटी आणि अंकल ही वडीलकीची पदवी आहे, वय झालं म्हणून आपोआप मिळत नाही. समाजाने मानलं की मिळते. मी पहिल्याच दिवशी आपल्या सवयीने सगळ्यांना सरसकट ऑंटी म्हणत सुटले. एक बाई म्हणाल्या, "मी नाही अजून ऑंटी, मला नावाने हाक मार. ऑंटी ती बघ तिकडे." आता कुणी ओळख करून देतं तशी हाक मारते.

शब्दांचे असे बरेच घोटाळे झाले. 'डेडली' म्हणजे झकास. मला एकीने "डेडली शूज!" म्हटलं तेव्हा मी बुटांची लेस तपासली. आणि 'शेम'. हा शब्द आपल्या 'शरम' पेक्षा मोठा आहे. चारचौघांत एकटं उठून दिसणं म्हणजे शेम, मग ते कौतुकासाठी का असेना. हे मला फार उशिरा कळलं. एका ऑंटींनी हात न टेकता सलग दहा वेळा उठबस केली, मी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या, "बघा बघा, यांच्याकडून शिका!" पुढचे दोन मंगळवार त्या आल्याच नाहीत.

आकडेमोड

हे कुठल्याच फिजिओच्या पुस्तकात नसणार. त्यावरून मूळ प्रश्नाकडे येतो, कारण काल रात्री जरा वाचलं.

निलगिरी, तुम्ही जे विचारताय ते तिथल्या संशोधकांनी मोजायलाच घेतलं होतं. 'आयर्नबार्क' नावाचा प्रकल्प. आयर्नबार्क म्हणजे निलगिरीचाच एक भाऊबंद, खोलवर भेगा असलेल्या सालीचा, लोखंडासारख्या लाकडाचा. (तुमचं सदस्यनाम योगायोग की काय?) सिडनीच्या जॉर्ज इन्स्टिट्यूटने ॲबोरिजिनल समाजांबरोबर बसून तो आखला. वय ४५ च्या पुढे, आठवड्यातून एकदा, व्यायाम आणि त्याच बैठकीत यार्निंग: घरात पडू नये म्हणून काय करावं वगैरे. मग त्याची चाचणी न्यू साउथ वेल्स, साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात. काही ठिकाणी व्यायाम अधिक गप्पा, काही ठिकाणी आरोग्याबद्दलचा नुसता गप्पांचा गट. म्हणजे तुलनेच्या बाजूलाही हात हलवत परत पाठवलं नाही, त्यांनाही आठवड्याचा गट मिळाला.

माझ्या मते यातला महत्त्वाचा भाग हा: गप्पा दोन्हीकडे आहेत. त्यांना गप्पांशिवाय व्यायाम हा पर्याय मांडावासाच वाटला नाही.

पर्थवासी

पर्थचा अनुभव, ऐकीव नाही, माझी बायको तिथे आहारतज्ज्ञ होती. हार्ट ॲटॅकनंतरच्या व्यायामाचे वर्ग हॉस्पिटलमध्ये असायचे आणि ॲबोरिजिनल रुग्ण त्यात फिरकायचेच नाहीत. मग तोच कार्यक्रम हॉस्पिटलमधून उचलून डर्बार्ल येरिगन या त्यांच्याच आरोग्यसेवेत नेला. (डर्बार्ल येरिगन हे स्वान नदीचं नूंगार नाव.) व्यायाम, रक्तदाब, गप्पा एकाच छपराखाली. लोक यायला लागले.

या सेवा समाजाच्याच ताब्यात असतात, हे लक्षात घ्या. पहिली सिडनीतल्या रेडफर्नला १९७१ मध्ये निघाली, सरकारची वाट न बघता. ब्रिस्बेनकडे 'वर्क इट आउट' म्हणून असाच गट आहे, तिथे तर आधी पाऊण तास यार्निंग आणि मग व्यायाम, असा क्रमच ठरवून दिलाय.

बायको म्हणते, सगळ्यात महत्त्वाचं यंत्र कुठलं होतं विचार. ट्रेडमिल नाही. मिनीबस.

निलगिरी

मिनीबस!! तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा. आमची बस दोन आठवडे बंद होती तेव्हा चौदातले तिघे आले. ते तिघेही हॉलच्या समोरच राहतात.

आणखी एक. इथे कुणी गेलं की 'सॉरी बिझनेस' असतं. सगळं गाव अंत्यविधीत. त्या आठवड्यात गट नाही म्हणजे नाही. गेलेल्या माणसाचं नाव बऱ्याच घरांत काही काळ घेत नाहीत, फोटोही झाकतात. मी भिंतीवर लावलेल्या गटाच्या फोटोतले एक अंकल जूनमध्ये गेले. मला सुचलं नाही, किटलीवाल्या अंकलनी न बोलता फोटो उतरवून कपाटात ठेवला. तक्त्यात त्या महिन्याची जागा रिकामी आहे, आणि त्याचं कारण लिहायला रकाना नाही.

पारावरचा_बाप्या

आता गंमत बाजूला ठेवून. आमच्या गावात पारावर सहा म्हातारे बसायचे. रोज घरून चालत यायचे, अर्धा मैल तरी. पार पाडून रस्ता रुंद केला. म्हातारे घरी बसले. दोन वर्षांत चौघे गेले. पार पाडल्याने गेले असं मी म्हणत नाही, आकडेमोड रागावतील. पण चालणं बंद झालं एवढं मी डोळ्याने बघितलं.

आकडेमोड

नाही रागावत. फक्त चौघांची वयं सांगा.

पारावरचा_बाप्या

८१, ८४, ७९ आणि एक जण स्वतःला शंभर सांगायचा.

उंदीरमामा

निलगिरी, स्पर्धा लावून बघा. म्हातारे जिद्दीला पेटले की घरी पण सराव करतात. आमचे आजोबा कॅरमसाठी मोतीबिंदू काढून आले.

ब्लॅकटाऊनकर

ती तर आहेच! न्यू साउथ वेल्समध्ये 'एल्डर्स ऑलिंपिक्स' भरतं. गावोगावचे ॲबोरिजिनल ज्येष्ठ संघ करून येतात, खेळ झेपतील असे बदललेले, जर्सी बघण्यासारख्या. जिंकेल त्या संघाकडे पुढच्या वर्षीचं यजमानपद. एकट्याचं कौतुक नाही, संघाचं आहे, त्यामुळे तुमचा तो 'शेम' चाही प्रश्न येऊ नये.

निलगिरी

हे विचारते उद्याच.

*(तीन आठवड्यांनी)*

निलगिरी

धागा वर काढतेय, हिशोब द्यायचाय.

विचारलं. "तुला काय वाटलं, आम्हाला माहीत नाही?" असं उत्तर आलं. दोघी जणी पूर्वी खेळून आल्यात, एकीकडे जर्सी अजून आहे. संघ करायचा की नाही यावर तीन मंगळवार चर्चा चालू आहे आणि मी त्यात मत देत नाही. पण उठबशी वाढल्यात, ते मी मोजतेय. मनात.

दुसरं, गप्पांना हात लावला नाही. किटली हलवली. अंकलची परवानगी काढून (सोपं नव्हतं) ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेली, आणि बिस्किटं त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात. आता चहासाठी तीस पावलं, बिस्किटासाठी आणखी वीस, आणि हातात कप. चालताना हातात काही धरायचं आणि शिवाय बोलायचं, हा तोलाचा चांगला व्यायाम आहे. एकाच वेळी दोन कामं करताना तोल सांभाळणं हेच तर घरात लागतं. मिनिटं: पंचवीसची बेचाळीस झाली.

आकडेमोड

थांबा. तोल कच्चा असलेल्या माणसाच्या हातात उकळता चहा देऊन तुम्ही पन्नास पावलं चालवताय? पडले तर पडले, वर भाजले!

निलगिरी

अर्धा कप, झाकणाचा मग, आणि ज्यांची चाल डळमळीत आहे ते रिकामा कप घेऊन जातात, अंकल टेबलाशी ओततात. ही सगळी व्यवस्था माझी नाही, पहिल्याच दिवशी ऑंटींनी मला शिव्या घालून लावली. तुमच्यासारख्याच बोलल्या, फक्त जास्त रंगीत.

रोखठोक

म्हणजे करदात्याच्या पैशातून आता किटली हलवली जातेय. (ह. घ्या.) तक्त्यात काय भरलंत?

निलगिरी

"चालणे, वस्तू हातात धरून, संभाषणासह." परत काही निरोप आलेला नाही.

आणि गेल्या मंगळवारी घरून चिवडा नेला होता. बिस्किटांच्या कोपऱ्यात ठेवला. दोनदा फेऱ्या झाल्या. एक अंकल म्हणाले, चांगलं आहे, पण यातले दाणे दातात अडकतात.

शेवंता६१

दाणे कमी घाल आणि पोहे पातळ घे, जाड घेतले असशील. आणि डाळं आधी भाजून घे गं, आमच्या संघात सुद्धा अर्ध्यांना कवळ्या आहेत.